बट्टा

हॅलिफॅक्सच्या मेथडिस्ट चर्चमागच्या सभागृहात
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
नाण्यांचा बाजार भरतो.
चहा पन्नास पेन्स, बिस्किट त्यातच.
ओल्डरॉइड माझ्यासाठी एक डबी बाजूला ठेवतो,
खोकल्याच्या गोळ्यांची, पत्र्याची.
"तुझे जखमी," म्हणतो, आणि सरकवतो.

इराणच्या जुन्या राजांची चांदी.
वालाच्या दाण्यासारखी ओबडधोबड,
साडेपाच ग्रॅमला जराशी कमी.
मुकुट घातलेला धनुर्धर, एक गुडघा जमिनीपाशी.
टेकलाय की धावतोय
यावर विद्वानांचं अजून ठरत नाही.
मला विचाराल तर
तेवीस वर्षं रक्त तपासायच्या रात्रपाळ्या केल्यावर
दोन्हींत तसा फरक राहत नाही.

नाण्याला दुसरी बाजू असते म्हणतात.
याला नाही.
मागे नुसता एक खळगा,
वरून हातोडा बसला एवढीच खूण.

देखणी मला परवडली नाहीत.
मी घेते ती ठोकलेली:
कुठल्याशा पेठेतल्या कुठल्याशा सराफाने
खरं की खोटं पाहायला
राजाच्या पोटात, कानाखाली, धनुष्याच्या दोरीवर
आपली बारकी मोहोर मारलेली.
चंद्रकोर. माशीसारखं काहीतरी.
एकावर तर सहा.
सहा जणांनी सहा वेळा विश्वास ठेवला नाही
आणि दर वेळी चांदीच निघाली.

हीथ्रोला उतरले तेव्हा
माझ्याही छातीचा फोटो काढला होता.
स्वच्छ निघाला.
ते मी कुणाला सांगत नाही.

हूशंग रस्तेगार, हडर्सफील्डचा न्हावी,
दर खेपेला येतो, कधी काही घेत नाही.
एक नाणं तळहातावर ठेवतो, मूठ मिटतो,
गरम झालं की परत देतो.
आमचं दोघांचंही इंग्रजी यॉर्कशरात झिजलेलं.
एकदा मी म्हटलं, बाजार.
तो म्हणाला, बाजार.
शिक्का. सेक्के.
सराफ. सर्राफ.
मग मी म्हटलं, चांदी,
आणि तो नुसता बघत राहिला.
त्यांच्याकडे नोगरे म्हणतात.
तेवढं एक वटलं नाही.

या नोव्हेंबरात डबीतलं एक हाताला हलकं लागलं.
बोटांना कळतं. तरी काटा काढला: साडेचार.
भिंग लावलं.
राजाच्या दंडावर छिन्नीचा जुना घाव
आणि आत तांबं, कडेला हिरवं पडलेलं.
तांब्यावर चांदीचा पदर.
लबाडीही त्याच काळातली, अस्सल.

ओल्डरॉइड कानापर्यंत लाल झाला.
"घेऊन जा तसंच."
मी पैसे दिले. बट्टा कापून.
त्याला शब्द समजावत बसले नाही:
हिणकस नाण्यामागे सराफ कापतो तो बट्टा,
आणि माणसाच्या नावाला लागतो
तोही बट्टाच.

रस्तेगारने मूठ मिटली.
"लवकर तापलं," म्हणाला.
मग बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत,
"चांगली होती ती वितळली.
बांगड्या झाल्या, ताटं झाली, कुणाकुणाचा कर झाला.
याला कुणी भट्टीत घातलं नाही."

ज्याने पकडलं, त्याने ते ठेवून का दिलं?
की फेकलं नाल्यात,
आणि म्हणूनच?

परतीच्या बसमध्ये सुटे पैसे शोधताना
बोटाला नेमकं तेच आलं.
काचेवर पाऊस, मागे चारजण ताटकळलेले,
ड्रायव्हर हात पुढे करून थांबलेला.
त्याने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.
क्षणभर वाटलं,
देऊन पाहावं.